खळखळाट

आमच्या दिवाणखान्यात समुद्र आहे. दिवाणखाना हा शब्द बिल्डरच्या नकाशातला. प्रत्यक्षात ती दहा बाय पंधराची खोली आहे. तिच्यात एक सोफा, टीव्ही, आईची खाट, इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचं गाठोडं आणि चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच असा समुद्र, एवढा ऐवज आहे. डोंबिवलीला निसर्गाने खाडी दिली, समुद्र दिला नाही. ती उणीव आमच्या चिरंजिवांनी भरून काढली.

आमच्या पिढीचा समुद्रातल्या माशांशी संबंध दोनच ठिकाणी येई. एक ताटात आणि दुसरा मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली उघडलेल्या त्या मत्स्यालयात शाळेची सहल जायची, काचेला नाक लावून मासे बघायचे आणि मागच्या मुलाने ढकललं की पुढच्या काचेला नाक लावायचं. मासा आवडला म्हणून त्याला घरी बिऱ्हाडाला आणावा, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. पाहुणा आला की आपणच गॅलरीत झोपायचं, तिथे माशाची सोय कुठे करणार?

बरं, चिरंजिवांचा समुद्र साधासुधा नाही. पाणी ४५० लिटर आणि त्यात लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने पंधरा-सोळा किलो मीठ. हे मीठ आपलं स्वयंपाकातलं नव्हे. ते बादलीतून येतं, त्यात कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं, आणि त्याची किंमत ऐकून आमची ही म्हणाली, "एवढ्या मिठात कैऱ्या घातल्या असत्या तर पतवंडांपर्यंत लोणचं पुरलं असतं." पाण्यात केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, एक कोळंबी (खायची नाही, ती माशांच्या अंगाची साफसफाई करते), सात-आठ शंख आणि वाऱ्यावर डोलावीत तशी डोलणारी मऊ प्रवाळं. दगडी प्रवाळ मात्र एकही नाही. ती आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या पंगतीला बसलेली आहेत. घरात वाघ पाळायचा नाही, एवढी शिस्त अजून आमच्या घराने टिकवली आहे.

आता मुद्द्याचं. पाण्यावर तेलकट साय धरते. दुधावर धरते तशीच, फक्त हिचं तूप होत नाही. ती काढली नाही तर पाण्याचा श्वास कोंडतो. म्हणून टाकीच्या वरच्या कडेला काचेचा एक कंगवा बसवलेला असतो. त्याच्या दातांवरून वरचंवरचं पाणी सांडतं, मागच्या कप्प्यात पडतं आणि तिथून पाइपाने खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत उतरतं. तिथे ते गाळायचं, धुवायचं, आणि पंपाने पुन्हा वर चढवायचं. या खालच्या टाकीला संप म्हणतात. मी तेहतीस वर्षं बँकेत काढली, संप पुष्कळ पाहिले. पण एक मिनिटही काम बंद न ठेवणारा संप हा पहिलाच.

पंप तासाला २,००० लिटर पाणी वर फेकतो. म्हणजे मिनिटाला दोन बादल्यांहून जास्त. जेवढं वर जाईल तेवढं खाली यायलाच हवं, नाहीतर ते दुसऱ्या मार्गाने खाली जातं आणि त्या मार्गात खालच्या मजल्यावरच्या काकांचा दिवाणखाना लागतो. त्यांनी नुकतंच छताला पीओपी करून घेतलेलं. "तुमचा समुद्र बघायला येणार आहे हं एकदा," असं ते म्हणत. समुद्राने त्यांना भेटायला जाऊ नये, एवढीच आमची इच्छा होती.

टाकी विकणाऱ्याने खाली उतरायला एक सरळ उभा पाइप दिला होता. पंप सुरू झाला आणि त्या पाइपाने तोंड उघडलं. तो आवाज कसा सांगू? घरात कुणी आजोबा अखंड चूळ भरताहेत आणि दर मिनिटाला ती मोरीत टाकताहेत, असा. यामागे शास्त्र आहे, आणि ते मला रोज जेवताना ऐकावं लागल्यामुळे पाठ झालं आहे. उघड्या पाइपात पाणी भोवरा करून शिरतं आणि बरोबर हवा ओढतं. पाइप धड भरलेला नाही, धड रिकामा नाही. मग पाणी जरा वर चढतं, पाइपाचं तोंड बुडतं, सगळं पाणी एकदम खेचलं जातं, तोंड पुन्हा उघडं पडतं, पाइप हवा गिळतो आणि ढेकर देतो. दिवसभर, रात्रभर.

मला त्रास नव्हता. मी लोकलमध्ये उभ्याने झोपलेला माणूस आहे. हिने कानात कापूस घातला. चिरंजिवांच्या कानात तसंही जन्मल्यापासून काहीतरी घातलेलंच असतं. प्रश्न आईचा होता.

आईचं वय त्र्याऐंशी. त्यातली एकेचाळीस वर्षं गिरगावातल्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर गेली. तिथे नळाला पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि सव्वापाचला जायचं. साडेचार म्हणजे घड्याळातले नव्हेत, नळातले. कधी चार, कधी पावणेपाच. आधी नळ खोकायचा, मग फुसफुसायचा, मग थुंकायचा आणि मग धार लागायची. त्या पहिल्या खोकल्याला जी बाई उठली तिचा हंडा भरला. जी धारेला उठली तिला दिवसभर शेजारी कळशी मागावी लागली. आईने एकेचाळीस वर्षांत कुणाकडे कळशी मागितली नाही. तिला गजर लागत नसे. मला आठवतं, वडील घोरत असायचे, आम्ही भावंडं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून पसरलेलो असायचो, आणि या सगळ्या गदारोळातून त्या नळाचा एक खोकला तेवढा तिला ऐकू यायचा.

तर समुद्र आला त्या रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरात भांडं वाजलं. जाऊन बघतो तो आई अंधारात नळाखाली पातेलं धरून उभी. "पाणी आलंय, आणि झोपलायत काय सगळे!"

तिला टाकी दाखवली, पाइप दाखवला. तिला सगळं पटलं. पुढच्या रात्री दोनदा उठली. तिसऱ्या रात्री तीनदा. सकाळी ओशाळून म्हणाली, "मला कळतं रे. पायांना कळत नाही."

यात हसण्यासारखं काही नव्हतं. या वयात अंधारात, झोपेच्या तारेत चालणारं माणूस पडलं आणि खुबा मोडला की पुढे काय होतं, ते आमच्याच इमारतीत दोघांच्या बाबतीत पाहिलेलं. खाट आत हलवायची म्हटलं तर आतल्या खोलीपासून संडास लांब. रात्री पंप बंद ठेवायचा म्हटलं तर प्रवाळं गुदमरतात. मग हिने निकाल दिला: पंधरा दिवसांत एक तर आवाज जाईल, नाही तर समुद्र. आईने मध्यस्थी करून पाहिली. "राहू दे गं, पोराने हौसेने केलंय." पण ते ती म्हणाली जांभई देत, त्यामुळे त्याचा परिणाम उलटा झाला.

चिरंजीव कामाला लागले. जगात या एका आवाजावर किती माणसांनी किती रात्री घालवल्या आहेत, ते तेव्हा कळलं. डर्सो नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने पाइपाच्या डोक्यावर टी आणि एल्बो बसवून वरच्या टोपणाला बारीक भोक पाडलं. हवा घ्यायचीच आहे ना, मग घोटाघोटाने घे, ढेकर देऊ नकोस, अशी ती समजूत. हा प्रयोग आमच्या नेहमीच्या प्लंबर मिस्त्रींनी अर्ध्या तासात करून दिला. फरक पडला. चूळ भरणारे आजोबा आता नुसते खाकरू लागले. पण आई खोकल्याला उठणारी. खाकरणं आणि खोकणं यांत तिच्या पायांना फरक कळेना.

मग चिरंजिवांनी तीन पाइपांची योजना मांडली. दोन पाइपांचीही एक असते, तिला हर्बी म्हणतात. तीन पाइपांचीला तिच्या कर्त्याच्या टोपणनावावरून बीनअ‍ॅनिमल म्हणतात. नाव ऐकून हिने कपाळाला हात लावला. पण योजना शहाणी आहे. पहिला पाइप पाण्याने काठोकाठ भरून चालवायचा, त्यात हवेचा कण नको. त्याच्या खालच्या टोकाला वॉल लावायचा आणि तो थोडा थोडा आवळत पाणी असं जमवायचं की पाइप कायम भरलेला राहील. भरलेला पाइप बोलत नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आपल्या पूर्वजांनी केव्हाच सांगून ठेवलंय. फक्त पाइपाचा व्यास दिला नाही. दुसऱ्या पाइपात पहिल्याला न झेपलेलं चार थेंब पाणी भिंतीला चिकटून उतरतं. आणि तिसरा कोरडा. त्याचं तोंड सगळ्यांत उंच. पहिले दोन तुंबले तरच त्याने काम करायचं.

"म्हणजे तिसरा साहेब," मिस्त्री म्हणाले.

मिस्त्रींचा मात्र या प्रकाराला तात्त्विक विरोध होता. तीस वर्षं त्यांनी नहाणी ट्रॅप बसवले, तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या केल्या, गच्चीपर्यंत व्हेंटचे पाइप नेले. "साहेब, ड्रेनेजचा पाइप कधी भरून चालवत नाहीत. वरून हवा द्यायची, मग पाणी पळतं. हवा नाही दिली तर ट्रॅपमधलं पाणी ओढून नेईल आणि घरात वास मारेल." हे अगदी खरं आहे. इमारतीच्या पाइपाला हवा लागते. या पाइपाला ती नको. चिरंजीव सांगत होते, मिस्त्री मान हलवत होते, आणि दोघांची मतं पाइपासारखीच ठाम होती. तेवढ्यात खाटेवरून आई म्हणाली, "अहो, रॉकेलची नळी."

"काय?"

"रेशनचं रॉकेल डब्यातून बाटलीत काढायचो ना आपण, नळी तोंडाने ओढून? नळी भरलेली असेपर्यंत गप्प. डबा संपत आला, हवा शिरली, की भुर्र्र. हा मुलगा म्हणतोय ते तेच."

मिस्त्री क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "आज्जी, असं सांगा ना मग." शाळेत आम्हांला यालाच वक्रनलिका म्हणून शिकवलं होतं. वक्रनलिकेने मिस्त्रींचं समाधान झालं नसतं, रॉकेलने झालं.

दुसरा वाद वॉलचा. बारीक आवळायला गेट वॉल हवा. बॉल वॉलची दांडी जरा हलली की पाणी एकदम निम्मं होतं. गेट वॉलचं चाक आठवा हिस्सा फिरवता येतं. मिस्त्रींनी पिशवीतून पितळी गेट वॉल काढला. वजनदार, सुरेख, देवघरात ठेवावा असा. "पंचवीस वर्षं बघायला नको." चिरंजीव किंचाळलेच. पितळेत तांबं असतं आणि खाऱ्या पाण्यात ते हळूहळू सुटतं. शंख, कोळंबी, प्रवाळ यांना तांबं म्हणजे विष. तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊन आमची घराणी निरोगी राहिली, हे आईने ऐकवून पाहिलं. पण शंखांना आयुर्वेद लागू पडत नाही. शेवटी प्लास्टिकचा गेट वॉल हवा असं ठरलं, आणि तो डोंबिवली, ठाणे करत अखेर मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर मिळाला. किंमत पितळीपेक्षा जास्त. मिस्त्रींनी तो हातात घेऊन असा तोलला, जसा मुलीकडचा मामा नवऱ्या मुलाला तोलतो.

एका रविवारी समुद्र उपसला. मासे आणि खडक पाच ड्रमांत, ड्रम न्हाणीघरात, आणि आम्ही आंघोळीविना. काचवाल्याने मागच्या काचेला मातीचं आळं करून त्यात पाणी सोडलं आणि हिऱ्याच्या बिटने आणखी दोन भोकं पाडली. हे साध्या काचेवरच चालतं. भट्टीतून कडक करून आणलेल्या काचेला बिट लागला की तिचा भुगा होतो. भोकांत टँक निपल बसले, पाइप कापले, सोल्युशन लागलं. उघडता यावेत म्हणून प्रत्येक पाइपाला युनियन घातलं. संपातल्या पाण्यात पहिल्या पाइपाचं टोक किती बुडवायचं यावर पुन्हा चर्चा झाली. इंचभरच. जास्त बुडवलं तर सुरुवातीला पाइपातली हवा बाहेर पडायला अडते.

दुसऱ्या दिवशी सगळं वाळल्यावर पंप सुरू केला. पहिल्यांदा असा काही गडगडाट झाला की खालचे काका जिन्यात आले. संपात बुडबुड्यांचं कारंजं उडालं. आणि मिनिटाभरात, शेवटची हवा बाहेर पडली तसा, आवाज बंद. एकदम. पंखा थांबल्यावर व्हावं तसं झालं. चिरंजिवांनी चाक थोडं आवळलं, दहा मिनिटं थांबले, पुन्हा थोडं आवळलं. दुसऱ्या पाइपात बोटभर धार राहिली. मिस्त्री चहाचा कप तसाच ठेवून वाकले, पाइपाला हात लावला, मग कान लावला.

"पाणी जातंय ना?"

जात होतं. तासाला दोन हजार लिटर.

मग परीक्षा झाल्या. वीज गेली तर काय, म्हणून बटण बंद केलं. वरचं पाणी खाली उतरू लागलं. पंपाचा पाइपही उलटी रॉकेलची नळी होतो, म्हणून त्याला पाण्याच्या पातळीलगत एक भोक ठेवलेलं असतं. ते उघडं पडलं, हवा शिरली आणि नळी तुटली. संप काठापासून चार बोटं खाली थांबला. वीज आल्यावर पुन्हा गडगडाट, पुन्हा शांतता. मग पहिल्या पाइपाचा वॉल पूर्ण बंद करून पाहिला. पाणी वर चढलं, दुसरा कुरकुरू लागला. त्यालाही बोळा घातला तेव्हा तिसऱ्याने तोंड उघडलं, आणि काय विचारता! चुळा भरणारे आजोबा परत आले, दुप्पट ताकदीने.

"याचाही आवाज घालवता येईल का?" ही म्हणाली.

"घालवायचा नाही, आई," चिरंजीव म्हणाले. "हा ओरडला तरच कळणार काहीतरी बिघडलंय."

त्या रात्री आई पहाटे साडेपाचपर्यंत झोपली. साडेपाच ही तिची स्वतःची वेळ, नळाची नव्हे. आम्ही त्याबद्दल काही बोललो नाही. चांगल्या झोपेबद्दल बोललं की दृष्ट लागते, असं तीच सांगते. पंधरा दिवसांची मुदत टळली. खालचे काका समुद्र बघून गेले, दोन माशांना "हे खातात का?" असं विचारून गेले. पुढे चार-पाच महिने समुद्र इतका शांत होता की तो चालू आहे की नाही, हे बघायला मी अधूनमधून कंगव्याजवळ वाकून बघत असे.

मग एका रात्री आईची हाक आली. "उठा रे! पाणी आलं!"

मी पडल्या पडल्या म्हटलं, "आई, टाकी आहे ती. झोप." ही कूस बदलून म्हणाली, "अहो, परत सुरू झालं वाटतं त्यांचं." चिरंजीव शेजारच्या खोलीत, दोन्ही कानांत बुचं. पुन्हा हाक आली, आणि या खेपेला ती चाळीतली हाक होती. जी ऐकून समोरच्या बिऱ्हाडातली माणसंसुद्धा उठून बसत.

बाहेर आलो. आई स्वयंपाकघरात नव्हती. ती टाकीपाशी उभी होती, एक हात खाटेच्या कठड्याला, दुसरा तिसऱ्या पाइपावर. पाइप तिच्या हाताखाली गरगरत होता. "हा कोरडा असायचा ना?" ती म्हणाली. दिवा लावला. पाणी कंगव्याच्या दातांवर दोन बोटं चढून काठाला आलं होतं. थेंबभर बाहेर नव्हतं.

चिरंजिवांना हलवून उठवलं. त्यांनी पंप बंद केला, पहिल्या पाइपाचं युनियन फिरवलं, आत बोट घातलं आणि एक शंख बाहेर काढला. सुपारीएवढा. रात्री कंगव्यावर चढून, दातांतून सुटून तो थेट वॉलच्या तोंडाशी जाऊन बसला होता. दुसऱ्याच्या तोंडाशी त्याचा आणखी एक भाऊबंद निघाला. तिसरा पाइप नसता तर संपातलं पंधरावीस लिटर खारं पाणी फरशीवर आणि तिथून काकांच्या पीओपीत, असा चिरंजिवांनी हिशेब केला. तो करताना त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

"जिवंत आहेत का ते?" आईने विचारलं.

दोघेही जिवंत होते. दार लावून आत बसले होते. चिरंजिवांनी त्यांना वाळूत सोडलं आणि सकाळीच पाइपांच्या तोंडाला जाळी बसवायचं कबूल केलं. पंप लावला, गडगडाट झाला, शांत झालं. मी आईला म्हटलं, आता पड, अजून अवकाश आहे. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेचारला पाच कमी होते.

"आता कुठली झोप," ती म्हणाली, आणि दिवा लावून स्वयंपाकघरात कळशी भरायला गेली.